धम्मयात्रेच्या वाटेवरचे बाजार

थंडीचे दिवस आले की आपल्या बुद्धविहारांच्या फलकांवर धम्मयात्रेच्या सूचना लागतात. बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, सारनाथ. कोणी भिशीच्या पैशांतून, कोणी फंडातून उचल घेऊन, कोणी मुलाच्या पहिल्या पगारातून ही यात्रा करतो. बसबरोबर आचारी असतो, शेगडी असते, तांदळाची पोती असतात. सकाळी पोहे आणि रात्री डाळभात. दहा-बारा दिवस फिरून माणसे परत येतात. फोटो भरपूर असतात, पण ज्या मुलखात तथागत पंचेचाळीस वर्षे पायी फिरले, त्या मुलखातील माणसे काय खातात, काय पिकवतात, काय विकतात, हे विचारले तर सांगता येत नाही.

बरोबर स्वयंपाक नेण्यात काटकसर आहे, हे खरे. पण या सवयीचे मूळ आणखी खोल आहे. आपल्या आजा-पणजांनी शिदोरी बांधली ती आवड म्हणून नव्हे. वाटेत कोणी खायला देणार नाही आणि पाणीही देणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ती लहान मुले. जवळ खाण्याचे डबे भरलेले होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून त्यांना उपाशीच झोपावे लागले. त्यानंतर २६ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्यांच्यासाठी हा लढा झाला, त्यांनी परमुलखात गेल्यावर बाजारात ताठ मानेने उभे राहावे, मागून खावे, पैसे मोजावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. हादेखील त्या हक्काचा वापरच आहे.

मुंबईहून प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल गयेला थांबते. स्टेशनबाहेर आले की पंडे गाठतात. गाव कोणते, जात कोणती, कोणाचे पिंड द्यायचे? त्यांच्या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या नोंदी असतात. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ही तर आपल्या बावीस प्रतिज्ञांतील एक प्रतिज्ञा. त्यांना नमस्कार करून पुढे रमना रोडला किंवा टिकारी रोडला जावे. तिथे थंडीत तिलकुटाची दुकाने ओळीने लागलेली असतात. साखरेचा किंवा गुळाचा पाक ओढून ओढून त्यात भाजलेले तीळ मिसळतात आणि लाकडी दांड्यांनी कुटतात. रस्ताभर त्याचा ठोका ऐकू येतो. आपल्या तिळाच्या वडीसारखी ती दाताला चिकट लागत नाही. जिभेवर ठेवली की भुगा होते. इथला दुकानदार जात विचारत नाही. तो विचारतो, "पाव किलो दूँ कि आधा किलो?" पंड्याचा प्रश्न आणि तिलकुटवाल्याचा प्रश्न, यांतला फरक मुलांना तिथेच दाखवून द्यावा.

गया ते बुद्धगया हे अंतर सुमारे बारा-तेरा किलोमीटर. महाविहारात वंदना झाली की बाहेरच्या सत्तूच्या गाडीवर जरूर थांबावे. आपल्याकडे सातू म्हणजे जव, पण बिहारचा सत्तू बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचा. पाण्यात कालवून त्यात मीठ, लिंबू, कांदा आणि हिरवी मिरची घालतात. आमच्या गटात सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एक मावशी होत्या. बाहेरचे काही खाणार नाही, असे त्या घरूनच ठरवून आलेल्या. गाडीवाल्याने विचारले, "चाची, मीठा पिएँगी कि नमकीन?" त्या म्हणाल्या, "नमकीन दे बाबा." ग्लास संपल्यावर म्हणाल्या, "अरे, हे तर फुटाण्याचं पीठ! आधी माहीत असतं तर आयुष्यभर चहा-पाववर कामाला गेले नसते."

या सत्तूचा आपल्या इतिहासाशीही संबंध आहे. संबोधीनंतर तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी तथागतांना पहिले भोजनदान दिले, असे विनयपिटकात आहे. ते होते मन्थ आणि मधुपिंडिका, म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ आणि मधात वळलेले गोळे. वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांची ती शिदोरीच. बुद्ध आणि धम्म यांना शरण गेलेले ते पहिले उपासक. संघ तेव्हा स्थापन व्हायचा होता. राजाच्या पंक्तीतले पक्वान्न नव्हे, प्रवासी माणसाचे साधे पीठ तथागतांनी स्वीकारले. अखेरचे भोजन दिले ते चुंदाने, आणि तो धातुकाम करणारा कारागीर होता.

थंडीत बुद्धगयेत तिबेटी बांधवांचे तंबू लागतात. वाफाळलेला थुक्पा आणि मोमो मिळतात. आपला देश सोडून आलेली ही माणसे इथे चूल मांडून स्वाभिमानाने जगतात. त्यांच्या बाकावर बसून खाताना भाषा कळली नाही, तरी समोरच्याने हात जोडले की आपणही जोडतो.

राजगीरहून नालंदेला जाताना मध्ये सिलाव हे गाव लागते. इथला खाजा प्रसिद्ध आहे. मैद्याचे पापुद्र्यावर पापुद्रे, तळून पाकात बुडवलेले, तरीही कुरकुरीत. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बसचालकाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर गाडी भर्रकन निघून जाते. वैशालीच्या बाजूला, उत्तर बिहारात, मखाण्याच्या राशी दिसतात. पांढरेशुभ्र, फुलासारखे हलके. पण तळ्याच्या गाळात बुडी मारून ते काळे बी गोळा करतात ते मल्लाह समाजाचे लोक. मग ते भाजायचे आणि गरम असतानाच ठोकून फोडायचे. मखाण्याचा भाव ऐकून आपण "महाग आहे" म्हणतो, तेव्हा ही मेहनतही लक्षात असावी.

बाजारात सगळे समान आहेत, असे मात्र समजू नये. पैशाची समानता गल्ल्यापर्यंतच असते. गल्ल्यावर कोण बसतो, भट्टीपुढे कोण भाजून निघतो आणि रात्री दुकान कोण झाडतो, हे नीट पाहिले तर जात तिथेही सापडते. म्हणून नुसते खाऊन येऊ नये, पाहूनही यावे. उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, असे तथागतांनी सांगितले. व्यापारच करू नये, असे कुठेही सांगितलेले नाही. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाईकच राहिलो.

यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांना चार सूचना कराव्याशा वाटतात. आचारी न्यावा, पण दिवसातून एक वेळ बाजारात खावे. मोठ्या हॉटेलापेक्षा जिथे रिक्षावाले आणि हमाल खातात तिथे बसावे. ताजे आणि स्वस्त तिथेच मिळते. लिट्टी-चोखा म्हणजे आपल्या बट्टी आणि वांग्याच्या भरताचे भावंडच, मुलेही आवडीने खातात. पाणी उकळलेले किंवा बाटलीचे प्यावे आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. कोणी आडनावावरून खोदून विचारले, तर न अडखळता "बौद्ध" म्हणून सांगावे.

आणि येताना मूर्ती व माळांबरोबर किलोभर सत्तू आणावा. तो संपला तर सोललेले फुटाणे दळून आणावेत, तेच पीठ होते. ग्लासभर पाण्यात दोन मोठे चमचे पुरतात. कामावर जाणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत आधार मिळतो आणि चहा-बिस्किटापेक्षा पौष्टिकही पडते. विहाराच्या महिला मंडळाने हेच पीठ पिशव्यांत भरून वस्तीत विकायला ठेवले, तर भांडवल फारसे लागत नाही. असे एक दुकान आपल्या वस्तीत उभे राहिले, तर धम्मयात्रेतून काहीतरी घेऊन आलो, असे म्हणता येईल.