पाणी तोडायचे दिवस

संक्रांत झाली की मी मोगऱ्याचं पाणी तोडते. परसातल्या विहिरीच्या कठड्यालगत त्याची ओळ आहे, सासूबाईंनी लावलेली. त्याच सुमाराला दुपारचं ऊन चटका द्यायला लागतं आणि शेजारच्या वहिनी गच्चीवरून हाक मारतात, "अहो, मोगरा सुकला की तुमचा, पाणी घाला त्याला!" घालायचं नसतं. मिरजेत परस राखायचं तर माघ-फाल्गुनातलं मोठं काम हेच, कुणाचं पाणी बंद ठेवायचं आणि कुणाला चालू ठेवायचं हे ठरवणं. छाटणी, खत, पेरणी त्याच्या मागून येतात.

हे मला बेडगच्या काकांनी शिकवलं. आरग, बेडग, मालगाव या आपल्या तालुक्यातल्या पानमळ्यांच्या गावांपैकी बेडग हे एक. काकांचं सगळं आयुष्य पानमळ्यात गेलं. आता ते वर्षातून एकदा आमच्याकडे येतात, बाग बघतात, चहा घेतात आणि जाताना कामाला लावून जातात. मोगऱ्यापुढे उकिडवे बसून ते पहिल्यांदा म्हणाले होते, "वैनी, झाड पानी पितंय तवर नुसती पानंच काढणार. त्येला जरा झोपू द्या. उठंल तवा फुलंल."

शास्त्र त्यांच्या बोलण्याला धरूनच आहे. पाणी थांबलं की शेंड्याची वाढ थांबते आणि पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठत जातं. मग छाटणी झाली, पाणी मिळालं की ते साठलेलं अन्न नव्या फुटीला लागतं, आणि मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवरच. जुन्या काड्या जपून ठेवणाऱ्याला म्हणून पानं भरपूर मिळतात, फुलं मोजकी.

ताण किती द्यायचा हे मातीवर ठरतं. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी लवकर निथळतं, तिथे थोडक्या दिवसांत काम होतं. आमची कृष्णाकाठची माती काळी, भारी. वाळली की भेगाळते, भिजली की फुगून भेगा मिटवते. वरून कोरडीठाक दिसली तरी बोटभर उकरलं की हाताला गारवा लागतो. म्हणून कॅलेंडर बघून चालत नाही, झाड बघावं लागतं. मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळू लागली, की मी बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने उकरते, चार दिवस ऊन खाऊ देते. मग जमिनीपासून साधारण दोन वितांवर सगळ्या काड्या छाटायच्या, वाळक्या आणि आत वळलेल्या मुळापासून काढायच्या. आळ्यात कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड, माती सारखी करायची आणि पाणी. पहिलं पाणी हलकं, दुसरं त्याहून जरा जास्त, तिसरं पोटभर. कात्री धारेची हवी. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि चिरडलेलं टोक खाली वाळत जातं.

दाराशी कागदी लिंबाचं झाड आहे, त्याचंही हेच. लिंबाला तीन बहार येतात, मृग, हस्त आणि अंबे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो अंबे बहार, त्याची लिंबं ऐन उन्हाळ्यात नव्हे, पावसाच्या तोंडाला उतरतात. आटपाडीकडचे डाळिंबवाले बहार धरतात तेव्हा असाच ताण देतात, तिथे एकरांचा हिशेब असतो एवढंच. आंब्याला तर मोहोर असताना पाणी देऊच नये. फळ वाटाण्याएवढं धरलं की मग सुरू करावं. शेजारच्या वहिनींना मी हे पुन्हापुन्हा सांगते, कारण त्यांचा आंबा दरवर्षी मोहरतो आणि त्या प्रेमाने त्याला नळी लावून ठेवतात.

पण सगळ्यांचंच पाणी तोडलं तर परस उन्हाळ्याआधीच संपेल. भिंतीला नागवेल आहे. तिला सावली लागते आणि सतत ओल लागते, साचलेलं पाणी मात्र चालत नाही. वेल उंच गेली की पान लहान होत जातं. पानमळ्यात मग वेल आधारावरून सोडवून खाली घेतात, तिचा खालचा उघडा भाग वळवून मातीत गाडतात आणि शेंडा पुन्हा वर बांधतात. याला उतरण म्हणतात. गाडलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, पान पुन्हा तळहाताएवढं येतं. थंडी ओसरली की आमच्या भिंतीवरही ही उतरण होते, काकांच्या देखरेखीखाली. पेर मोडलेलं त्यांना अजिबात खपत नाही. मोगऱ्यापासून चार पावलांवर ही वेल, एकाला थेंब नाही आणि दुसरीला रोज तांब्याभर. तुळस, कढीपत्ता, शेवंतीच्या बुडातून मुळांसकट काढून लावलेले नवे कोंब, यांनाही ताण सोसत नाही. जास्वंदीला पाणी चालूच ठेवते, पण पानाच्या मागे रोज बघते. हवा तापू लागली की पांढरा पिठ्या ढेकूण तिच्या शेंड्यांवर येतोच. सुरुवातीला ओल्या कापसाने पुसला तरी भागतं. वाढला तर ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण घालून संध्याकाळी फवारते.

आमच्या भागात पाण्याचा हात आखडता घ्यायला शिकायला हवं, असं मी आग्रहाने म्हणते, त्याला बागेपलीकडचंही कारण आहे. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी देऊन क्षारपड झालेली रानं मी बघितली आहेत. वर पांढरा थर, त्यात धड गवत उगवत नाही. कुंडीच्या कडेला बोअरच्या पाण्याने जी पांढरी खपली धरते, ती याच गोष्टीची सुरुवात. ती मी खरवडून काढते, वरची माती बदलते, आणि तळाचं भोक मोकळं आहे ना, ते काडीने बघते.

आणि एप्रिल २०१६. मिरज जंक्शनवरून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या फेरीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. आमच्या कृष्णेचं पाणी दुसऱ्या गावाला प्यायला रुळांवरून न्यावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरी तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी मोरीत जात नाही. ते बादलीत साठतं आणि नागवेलीला, तुळशीला पुरतं.

फाल्गुनात बदाम, पेरू, चिकू यांची पानं अंगणभर पडतात. सकाळी गल्लोगल्ली ती पेटवतात, डोळे चुरचुरतात, फार वाईट वाटतं. तीच पानं आळ्यात टीचभर थराने पसरली तर ओल टिकते, मातीला भेगा पडत नाहीत, पावसाळ्यापर्यंत निम्मी कुजून खत होतं. थर बुंध्याला मात्र चिकटू देऊ नये.

पेरणीही याच दिवसांतली. दुधी, दोडका, काकडी, कारली यांचं बी रात्रभर भिजवून फेब्रुवारीत मांडवाखाली टोचते. दुधीचं बी घरचं ठेवते, पण ज्या वेलीचं फळ कडू निघालं तिचं बी टाकून देते. कडू दुधी खाल्ला तर खरोखर विषबाधा होते. आमच्या सतारमेकर गल्लीत सतार-तंबोऱ्यासाठी टांगलेले थोराड भोपळे असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे. त्यांच्यात कडूपणाच कामाचा, कीड लागत नाही म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या गल्लीतून जाताना मला त्या भोपळ्यांच्या अनोळखी शेतकऱ्यांचाही अभिमान वाटला.

यंदा मोगरा छाटून झाला, नागवेल उतरवून झाली. लिंब अजून तहानलेलं आहे. पानं मलूल झालीत, पण गळ पुरेशी नाही. चौथा हिस्सा गळाला की पाणी सोडा, असं काकांनी निरोपात कळवलंय. वहिनींना तोवर त्याच्या आळ्यात बादली रिकामी करू नका, असं सांगून ठेवलं आहे.