भीमाशंकरला जायचंय, पण मुलींना घेऊन!

चाळीस माणसांचं लग्नघर सांभाळणं एक वेळ सोपं, पण छत्तीस मुलींना दोन रात्रींसाठी डोंगरात नेणं महाकठीण! असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं असतं, तर मलाही ती अतिशयोक्ती वाटली असती. पण गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर किराणामालाच्या यादीशेजारी सहलीची यादी लटकते आहे, आणि ह्यांनी तर तिला ‘दुसरी सून’ असं नावही ठेवलं आहे.

त्याचं असं झालं. मी शिरूरला अर्धवेळ भूगोल शिकवते. आठवीच्या वर्गात नद्यांचा पाठ चालला होता. मी सहज विचारलं, “आपली घोडनदी कुठून येते गं?” एक मुलगी चटकन म्हणाली, “पुलाखालून!” वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. ज्या नदीच्या नावानं आपल्या गावाला अजूनही जुनी माणसं ‘घोडनदी’ म्हणतात, तिचा उगम आमच्यापैकी कितीजणींनी पाहिलाय? मी तरी कुठे पाहिला होता?

माझं माहेर दौंडचं. तिथे भीमा. भीमा उगम पावते भीमाशंकरला, तर घोड त्याच डोंगररांगेत, आहुप्याच्या बाजूला. दोघी सह्याद्रीतून निघून दोन वाटांनी पूर्वेला येतात आणि घोड पुढे भीमेला मिळते. तेच पाणी खाली उजनीत जातं आणि पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या पायांना लागतं. म्हणजे माझं सासर आणि माहेर वर डोंगरात एकमेकींच्या शेजारीच नांदतात म्हणायचं! दौंडच्या शाळेत माझी धाकटी बहीण शिकवते. तिच्या बारा आणि माझ्या चोवीस, अशा छत्तीस मुली घेऊन उगमाकडे जायचं, असं आम्ही दोघींनी फोनवरच ठरवून टाकलं.

मुलींना हवं होतं राष्ट्रीय उद्यान. पुस्तकात चांदोलीचं नाव वाचलेलं. सह्याद्रीतलं हे राष्ट्रीय उद्यान २००४ साली जाहीर झालं, पण ते पार सांगली-साताऱ्याकडे. दोन रात्रींत जाऊन येणं जमायचं नाही. भीमाशंकर हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य आहे. १९८५ साली ते जाहीर झालं, मुख्यतः शेकरूसाठी. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे रान पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलं आहे. “चालेल का?” म्हटल्यावर पोरींनी विचारलं, “तंबू असणार ना?” तंबू असले की त्यांना सगळं चालतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि हे मोटरसायकलवरून पाहणी करून आलो. मंचर सोडून घोडेगावला लागलं की हवाच बदलते. आमच्या शिरूर-दौंडकडे पावसाची सदाची ओढ. इकडे पर्जन्यछाया, तिकडे मात्र डोंगर पाऊस अडवून उभे! पुढे डिंभे धरण लागतं. हे धरण आपल्याच घोडनदीवर. आंबेगाव तालुक्याला ज्याचं नाव, ते मूळ आंबेगावच या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. काठावर उभी राहून मी ते निळं पाणी पाहत होते. आपल्याकडे कालव्याला पाणी आलं की आपण खूश होतो, पण त्यापायी कुणाचं तरी अंगण बुडालेलं असतं, हे मुलींना इथेच दाखवायचं, असं मनाशी ठरवलं.

पुढे घाट चढत तीन हजार फुटांवर गेलो. जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी. तिथे फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांची गोल घरटी दिसली. वाटलं कावळ्याची. तेवढ्यात तांबूस-तपकिरी अंगाची, झुबकेदार शेपटीची स्वारी एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेपावली की माझ्या हातातला डबाच सुटला! हाच शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. वीस-वीस फुटांची उडी मारतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. एकच जोडी वेगवेगळी घरटी बांधते, असं आमच्या वाटाड्यानं सांगितलं. हे म्हणाले, “आपलं एका घराचं कर्ज फिटेना!”

मग कळलं की अभयारण्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाहीत, चूल पेटवता येत नाही, परवानगीशिवाय आत शिरता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाच आहे तसा. माझा चेहरा पडला. परतीच्या वाटेवर एका गावात पाणी प्यायला थांबलो. तिथल्या महादेव कोळी समाजाच्या एक बाई बाळहिरडा निवडत बसल्या होत्या. माझी रड ऐकून म्हणाल्या, “बाई, रानात कशाला झोपता? डिसेंबरात आमची खाचरं मोकळीच असत्यात. तिथं मांडा तुमचे तंबू. सैपाक माझ्या पडवीत करा.” भाताच्या कापलेल्या खाचरात तंबू! याहून छान जागा कुठली? मी आधी संडास किती ते मोजले. त्यांच्या घरचा एक, शेजारणींचे दोन आणि समाजमंदिराचे दोन. पाच झाले. मैत्रिणींनो, सहल ठरवणाऱ्या पुरुषांना दृश्य आधी दिसतं. आपल्याला संडास आधी दिसतो, आणि तेच बरोबर आहे.

महिना डिसेंबरचा धरला. पावसाळा नकोच. याच तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीणवर दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला गर्दीत मुली हरवायच्या. डिसेंबरात थंडी मात्र कडक, म्हणून प्रत्येकीला स्वेटर, कानटोपी आणि घोंगडी सक्तीची.

बाकीची यादी थोडक्यात देते, कुणाला उपयोगी पडेल. आम्ही मोठी माणसं धरून चाळीस. एका वेळच्या खिचडीला चार किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ. नाश्त्याला तीन किलो पोहे. पहिल्या दिवशी घरच्या दशम्या. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. घाटात मळमळतं, म्हणून आवळासुपारी, लिंबं आणि पिशव्या. शालेय सहलींना एसटीत निम्म्या भाड्याची सवलत मिळते, पण मुख्याध्यापकांचं पत्र आणि शिक्षण खात्याची परवानगी लवकर हातात हवी. आणि पालकांची संमतीपत्रं. खरी परीक्षा तिथेच झाली.

पालकसभेत एक वडील उठले. “बाई, तिथं बिबट्या असतो म्हणे.” मी काही बोलायच्या आतच मागून कुणी तरी म्हणालं, “आन् आपल्या उसात काय ससे हायेत?” कुणीच हसलं नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या उसात बिबट्यानं माणसं मारली आहेत. आमच्या पोरी रोज त्याच उसाच्या कडेनं शाळेत येतात. मी एवढंच सांगितलं की अंधार पडल्यावर एकही मुलगी तंबूपासून एकटी हलणार नाही, आणि बाहेर जाताना बाई बरोबर असतील. त्यांनी सही केली.

पस्तीस पत्रं आली. छत्तिसावं येईना. ते ‘पुलाखालून’ म्हणणाऱ्या मुलीचं होतं. तिची आई घरी येऊन दारातच उभी राहिली. बराच वेळ पदराशी चाळा करून म्हणाली, “बाई, तिची तारीख त्याच दिवसांत येते. ज्योतिर्लिंगाच्या डोंगरावर कशी पाठवू?”

मला एकदम दौंडचं आमचं घर दिसलं. मी आठवीत होते. शाळेची सहल देहू-आळंदीला निघाली होती, डबा भरून तयार होता आणि आदल्या रात्री मला ‘अडचण’ आली. आईनं डब्यातले लाडू काढून ठेवले. रागावली नाही हो, उलट जवळ घेतलं. पण सकाळी गाडी गेली ती मी खिडकीतून पाहिली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा ‘ताप आला होता’ म्हणून खोटं सांगितलं. आईच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही, पण ती खिडकी मी विसरले नाही.

त्या माउलीशी मी वाद घातला नाही. तिला आत बसवलं, चहा दिला आणि कार्यक्रमाचा कागद दाखवला. त्यात देऊळ अर्ध्या तासाचं आहे, आणि ज्यांना जायचं त्यांच्यासाठी. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर तिथे आलेली पोर्तुगीज घंटा मुलींना सांगणारच आहे. पण त्या अर्ध्या तासात माझी बहीण बाहेर झाडाखाली शेकरू पाहत बसेल, आणि जिला वाटेल ती तिच्याजवळ बसेल. का बसलीस, म्हणून कुणी विचारायचं नाही. माझ्या पिशवीत पॅडची पाकिटं आहेत, जुनी वर्तमानपत्रंही आहेत. कचरा रानात टाकायचा नाही, बांधून परत आणायचा. “देवाच्या दारात न जाता डोंगर बघता येतो का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “नदी तर सगळ्यांचीच ना?”

ती काही न बोलता गेली. तिला पटलं की नाही, कळलं नाही. दोन दिवसांनी मुलीनं पत्र आणून दिलं. खाली आईची सही होती. अक्षर वेडंवाकडं, पण नाव पूर्ण. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘बाई जागा असेल तर मी पण येते सैपाकाला. मी पण नदी कुठून येती ते बघितलेलं नाही.’

गाडीत जागा आहे. भिंतीवरची यादी काढून मी चाळीसचे एक्केचाळीस केले, आणि पोहे सव्वातीन किलो.