नऊ कला, आठ कला

सांगली
मकरसंक्रांत, जानेवारी २०२६

चि. बाळ,


सोबत तिळगूळ पाठवतोय. वरच्या थरात मामीच्या हातच्या वड्या आहेत, खाली गूळपोळ्या. पोळ्या आधी संपव.

मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "मामा, कोपर्निकस, केप्लर, गॅलिलिओ, न्यूटन आपापले ग्रंथ लिहीत होते तेव्हा आपल्याकडे कुणी आकाशाकडे बघत होतं का? की आम्ही फक्त त्यांची सूत्रं पाठ करायची?" तुझ्या आवाजातली खंत मला कळली. फोनवर चार वाक्यांत उत्तर देऊन तुझी बोळवण करणं बरं वाटलं नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवात आजच्या सणापासूनच करतो. संक्रांतीला उत्तरायण लागतं असं आपण म्हणतो. पण दिवस मोठा व्हायला लागला तो २१ डिसेंबरनंतर, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त दिवस आधीच. सतराशे-साडेसतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येत होत्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश असा फरक साठत गेला. हे सरकणं आपल्या ज्योतिष्यांना अयनचलन म्हणून माहीत होतं. ते का होतं, हे सांगितलं न्यूटनने १६८७च्या 'प्रिन्सिपिया'मध्ये: पृथ्वी मध्यावर थोडी फुगलेली आहे आणि त्या फुगवट्याला सूर्य-चंद्र ओढतात. झाडावरून फळ पाडणारं बळच आपल्या संक्रांतीला उत्तरायणापासून दूर नेतं आहे. तेव्हा ते ग्रंथ परके मानू नकोस. आपल्या सणाचं कोडं त्यांतल्याच एकाने सोडवलं आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, बघत होतं. १५२० साली, म्हणजे शके १४४२ मध्ये, कोकणात मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञाने 'ग्रहलाघव' लिहिला. कोपर्निकसचा ग्रंथ छापून यायला तेव्हा अजून तेवीस वर्षं होती. गणेशाचे वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घेणारे होते. मुलाने गणित इतकं सोपं केलं की ज्या-कोज्या, म्हणजे तुमचे साइन-कोसाइन, लागेनातच. अहर्गण, म्हणजे आरंभापासून मोजलेले दिवस, लाखांच्या घरात जातात. त्याने अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र पाडून तेही आटोक्यात आणले. गावोगावचे जोशी एवढ्या बळावर पंचांग करू लागले. साताऱ्या-सांगलीकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तिथी आणि मुहूर्त याच परंपरेतून आले.

मला मात्र त्या ग्रंथातली एक लहानशी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. गणेशाच्या पुढ्यात सौर, आर्य आणि ब्राह्म असे ग्रहगणिताचे तीन पक्ष, म्हणजे संप्रदाय, होते, आणि तिघांनाही मोठी प्रतिष्ठा होती. त्याने एकाचीच बाजू घेतली नाही. रवी सौरपक्षाचा घेतला, गुरू आर्यपक्षाचा. शनी आर्यपक्षाचा घेतला, पण त्यात पाच अंश मिळवले. चंद्र सौरपक्षाचा घेतला आणि त्यातून नऊ कला वजा केल्या.

नऊ कला म्हणजे किती? साठ कलांचा एक अंश, आणि पूर्ण चंद्राची रुंदी अर्ध्या अंशाच्या आसपास. म्हणजे चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, तेव्हा या नऊ कलांनी वेळेत पडणारा फरक पाव तासाच्या जरा पुढचा, एक घटकासुद्धा नाही. एवढ्यासाठी त्याने मान्य सिद्धांताला हात लावला, कारण मोजलेला चंद्र आणि दिसणारा चंद्र जुळत नव्हते. याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे: दृक्प्रत्यय. गणिताने सांगितलं ते डोळ्यांना पटलं पाहिजे.

आता १६०९ साली छापून आलेल्या केप्लरच्या ग्रंथाकडे ये. केप्लर मंगळाची कक्षा बसवत होता. हाताशी टायको ब्राहेचे वेध होते, दुर्बीण नसतानाच्या काळातले सगळ्यात नेमके. वर्तुळं धरून त्याने एक रचना केली. ती जवळजवळ सगळीकडे जुळली आणि काही ठिकाणी आठ कलांनी चुकली. फक्त आठ. दुसऱ्या कुणी त्या सोडून दिल्या असत्या. टायकोच्या वेधात एवढी चूक असणार नाही हे केप्लरला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने काही वर्षांची मेहनत बाजूला ठेवली आणि दोन हजार वर्षांचं वर्तुळही सोडलं. त्यातून लंबवर्तुळ आलं. या आठ कलांनीच ज्योतिषाच्या सुधारणेची वाट उघडली, असं त्याने 'ॲस्ट्रोनोमिया नोव्हा'त स्वतः नोंदवून ठेवलं आहे.

इथे दोघांची तुलना करून कुणाला मोठं-लहान ठरवू नकोस, पण फरक स्पष्ट बघ. गणेशाने नऊ कला वजा केल्या आणि गणित आकाशाशी जुळवलं. केप्लरने आठ कलांना विचारलं, "तुम्ही आलात कुठून?" पहिल्या कामाने पंचांग सुधारतं, दुसऱ्याने विश्वाचं चित्र बदलतं. पण पहिल्याशिवाय दुसरं होत नाही. ज्याला आठ कला दिसतच नाहीत, तो त्यांचं कारण कशाला शोधेल?

पस्तीस वर्षं मी प्रयोगशाळेत उभा राहिलो, त्यामुळे हे मला आतून कळतं. साध्या लंबकाचा प्रयोग तूही केला असशील. 'जी'ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९८० यायला हवी, हे मुलांना आधीच ठाऊक असतं. मग कुणाचं ९७९ येतं, कुणाचं ९८१. एका वर्षी एका मुलीच्या वहीत ९४३ आलं. शेजारचे म्हणाले, रीडिंग बदल. तिने बदललं नाही, वही तशीच माझ्यापुढे ठेवली. आम्ही दोघांनी लंबक तपासला. दोरा मोजताना तिने लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंतच घेतली होती, गोळ्याची त्रिज्या धरलीच नव्हती. ती मिळवल्यावर आकडा जागेवर आला. त्या दिवशी वर्गातल्या बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त भौतिकशास्त्र तिला कळलं. पुस्तक आणि वेध जुळत नाहीत तेव्हा आपण वेध खोडतो का, यावर सगळं ठरतं.

आपलं पुढे काय झालं, तेही लपवत नाही. गणेशाचा ग्रंथ उरला, त्याची सवय मागे पडली. साडेतीनशे वर्षं लोक 'ग्रहलाघव' पाठ करत राहिले आणि चुका साठत गेल्या. ग्रहण पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्याच वेळी दिसू लागलं. तिकडे युरोपातही वाट सरळ नव्हती, हे ध्यानात ठेव. कोपर्निकसच्या १५४३च्या ग्रंथाला निनावी प्रस्तावना जोडली गेली: हे सगळं केवळ गणिताच्या सोयीसाठी आहे, खरं मानू नये. ती कोपर्निकसची नव्हे, छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसिआंडरची आहे, हे केप्लरने साठ-पासष्ट वर्षांनी छापून उघड केलं.

एकोणिसाव्या शतकात मात्र मराठी माणसं पुन्हा आकाशाकडे वळली. सिहोरच्या सुबाजी बापूंनी १८३६ साली 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' या मराठी पुस्तकात पुराणांचं, सिद्धांतांचं आणि कोपर्निकसचं मत शेजारी-शेजारी ठेवून तपासलं. केरोपंत छत्र्यांनी १८६० साली युरोपीय गणितावरून 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत केली आणि १८६५पासून नव्या गणिताचं पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयामुळे त्याला पटवर्धनी पंचांग म्हणू लागले. केरोपंतांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी शुद्ध पंचांगाचा आग्रह पुढे नेला. त्यासाठी जी ज्योतिष संमेलनं भरली, त्यांतलं एक आपल्या सांगलीत भरलं होतं. आकाशाशी जुळत नाही ते पंचांग बदला, असं म्हणणारी माणसं या गावात एकत्र आली होती. कृष्णेच्या घाटावर फिरायला गेलो की मला त्यांची आठवण होते.

यातली गणेश दैवज्ञापासून केरोपंतांपर्यंतची हकीकत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त मांडली. शाळामास्तर माणूस. परंपरेवर अपार प्रेम, तरी कुणाची चूक झाकली नाही.

आता काय वाचायचं ते सांगतो. 'प्रिन्सिपिया' आत्ता नको, तो भूमितीच्या भाषेत आहे आणि दमवतो. गॅलिलिओपासून सुरुवात कर. त्याचा १६१०चा 'नक्षत्रदूत' लहान आहे, एका रविवारात होईल. ७ जानेवारी १६१०च्या रात्री त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. १३ तारखेला चार झाले. त्याने एक गोल आणि भोवती चांदण्या अशी रात्रीमागून रात्र चित्रं काढली, आणि सगळं काही पृथ्वीभोवती फिरतं ही समजूत त्या चित्रांनीच मोडली. मग १६३२चा 'संवाद' घे. तो त्याने लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इटालियनमध्ये लिहिला. तीन माणसं चार दिवस बोलत बसतात. पुढच्याच वर्षी त्याच्यावर खटला झाला. वाचताना शब्द अडला तर सुट्टीच्या दिवशी वाईला जा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली तिथूनच मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. या शास्त्रांना मराठीत नेमके शब्द देण्याचं मोठं काम तुझ्या साताऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर झालं आहे.

आणि एक काम आजपासूनच कर. गुरू सध्या मिथुनेत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ रात्रभर दिसतोय. कॉलेजातली लहान दुर्बीण मागून घे. गच्चीच्या कठड्यावर ती नीट टेकव, म्हणजे हात हलणार नाही. चार रात्री बघ आणि वहीत एक गोल व भोवतीचे ठिपके काढ. तीनच दिसले तर तीनच काढ. पुस्तकात चार आहेत म्हणून चौथा काढू नकोस. होळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि वेळ लिहायला विसरू नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा