माझं मत अजून कसब्यातच!

आधी एक कन्फेशन. २०१९ ला विधानसभेचं मतदान सोमवारी होतं. शनिवार-रविवारला जोडून आमचा ग्रुप गोव्याला पळाला. त्यात मीही होते. ‘कसब्याचं काय यार, ते ठरलेलंच असतं!’

आणि होतंच की ठरलेलं. १९९५ पासून सलग पाच वेळा गिरीश बापट. म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून मी ग्रॅज्युएट होईपर्यंत आमदार एकच! २०१९ ला ते खासदार झाले, मग विधानसभेवर भाजपच्याच मुक्ता टिळक निवडून आल्या. माझ्यावाचून काहीही अडलं नाही. आजी मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मग एक दिवस फडके हौदाजवळच्या आमच्या वाड्यात तिनं मला समोर बसवून हिशेबच मांडला. १९८० ला भाजपचे अरविंद लेले. १९८५ ला काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९० ला अण्णा जोशींनी जागा परत आणली. पण १९९१ ला ते खासदार झाले आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरातांनी चक्क बापटांनाच हरवलं.

“आणि २००९ ला मनसेच्या त्या धंगेकरानं बापटांना घाम फोडला होता, विसरलीस?”

मी तेव्हा शाळेत होते, आजी!

स्वतः कुणाला मत दिलं, हे मात्र तिनं आजोबांनाही कधी सांगितलं नाही.

मुक्ताताई डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. २६ फेब्रुवारी २०२३ ला पोटनिवडणूक लागली. मी तोवर वाकडला भाड्यानं राहत होते. गंमत म्हणजे त्याच दिवशी चिंचवडचीही पोटनिवडणूक होती, म्हणजे माझ्या बिल्डिंगखालीही मतदान. पण नाव कसब्यातून हलवलंच नव्हतं (आळस, दुसरं काय!). प्रचारात आजारी बापट नाकात ऑक्सिजनची नळी लावून व्हीलचेअरवर आले, ते टीव्हीवर बघताना आजी एकदम गप्प झाली होती.

रविवारी सकाळी पोचले, तर ही इस्त्रीची साडी नेसून दारात उभी. शाळेच्या पायऱ्या चढताना तिनं माझा हात धरला, मशिनपाशी जाताना सोडला. माझं ते पहिलं मत. जेमतेम निम्म्याच लोकांनी मतदान केलं. २ मार्चला निकाल आला: काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजारांनी विजयी. आजीचा फोन. “बघ.” एवढंच बोलून ठेवून दिला.

२०२४ ला भाजपच्या हेमंत रासनेंनी १९ हजारांवर मतांनी जागा परत घेतली. ते बघायला आजी नव्हती. वाडाही बिल्डरकडे गेला होता. शेजारच्या काकूंनी जपून ठेवलेल्या मतदार चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. दोन होत्या.

नियमानं मी कधीच नाव हलवायला हवं होतं. परवा एकदाचे दोन्ही फॉर्म भरले. नाव वगळायचा फॉर्म ७ आजीचा. पत्ता बदलायचा फॉर्म ८ माझा. आजीचा पाठवून दिला. माझा अजून लॅपटॉपच्या बॅगेत आहे.