सुट्या इंजिनाची शर्यत

युरोपातल्या जुन्या आउटबोर्ड शर्यतींच्या आठवणी निघाल्या की बोलणं हमखास वेगावर आणि धाडसावर जातं. मला मात्र वाटतं, त्या खेळाचं मर्म इंजिन सुटं असण्यात होतं. १९०९ मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूडने बाजारात आणलेल्या या यंत्राला नावेच्या मागच्या फळीवर पकडीने आवळलं की झालं. शर्यत संपली की ते उतरवून घरी न्यायचं. याउलट वेगाच्या विक्रमासाठी बांधलेल्या 'मिस इंग्लंड २' मध्ये रोल्स-रॉइसची विमानाची दोन इंजिनं होती आणि खर्चाला लॉर्ड वेकफील्डची थैली. तिथे चालक आणि कारागीर वेगळे असत. आउटबोर्डवाल्याला दोन्ही व्हावं लागे.

१९२९ मध्ये सुरू झालेली पाविया ते व्हेनिस ही सुमारे ४०० किलोमीटरची शर्यत घ्या. पो नदीतले वाळूचे दांडे जागा बदलतात. पाण्याचा रंग आणि खळखळ पाहून खोल पात्र ओळखायचं, नाहीतर पंखा वाळूत रुतलाच. नुसत्या सुसाट वेगाला ही नदी दाद देत नाही. बर्लिनचा डीटर क्योनिग स्वतः इंजिनं घडवायचा आणि शर्यतीतही उतरायचा. त्याच्या कारखान्यातल्या किम न्यूकॉम्बने तर नावेचं चार सिलिंडरचं इंजिन मोटारसायकलला जोडलं. १९७३ च्या ५०० सीसी जागतिक स्पर्धेत तो दुसरा आला, पण हंगाम संपण्याआधीच सिल्व्हरस्टोनच्या अपघाताने त्याचा बळी घेतला होता. कोमो सरोवराकाठी आंजेलो मोलिनारी नावा बांधत आणि मुलगा रेनातो त्या पळवत असे.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा गतकाळाचा गोडवा. पैसा तेव्हाही लागत होता आणि माणसं तेव्हाही मरत होती. पहिला आक्षेप अर्धा खरा आहे. हौस स्वस्त नव्हतीच, पण तिला लॉर्डाची थैली लागत नव्हती. दुसरा आक्षेप पूर्ण खरा आहे. दोन पाट आणि मधे बोगदा अशा नावेखाली शिरलेली हवाच तिला उचलते. नाक जरा जास्त वर गेलं की नाव मागे उलटते. १९८४ च्या मोटरबोटींच्या फॉर्म्युला वन हंगामात अनेक चालक दगावले. त्यानंतर चालकाभोवती बसवलेलं मजबूत कवच आलं ते ख्रिस हॉजेस या नावा बांधणाऱ्याच्या हातून. म्हणजे जीव वाचवणारी गोष्टही कारागिरीनेच दिली. उघड्या नावेतल्या जोखमीला शौर्य म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. ती केवळ तेव्हाची उणीव होती. त्या काळाकडून घ्यायचंच असेल, तर आपण चालवतो ते यंत्र खोलून पाहण्याची सवय घ्यावी.