बरे झालेल्याची साक्ष

३० जानेवारी हा महात्मा गांधींच्या पुण्यतिथीचा दिवस आपल्या देशांत कुष्ठरोगनिवारण दिन म्हणून पाळला जातो. कांहीं वर्षांपूर्वीं त्या सुमारास माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यास संकोच वाटतो. परंतु तिजपासून मला जें शिकावयास मिळालें, तें तुम्हांस व तुमच्या वडील मंडळींस उपयोगीं पडेल या आशेनें हा लेख लिहीत आहें.

त्या वर्षीं मीं या रोगावर सविस्तर व्याख्यान दिलें. नॉर्वे देशांतील डॉ. हान्सेन यांनीं १८७३ सालीं त्याचा जंतु शोधून काढला. हा रोग पापाचें फळ नव्हे. सहा किंवा बारा महिने नियमानें औषध घेतल्यास तो बरा होतो व सरकारी दवाखान्यांत तें फुकट मिळतें, हें सर्व मुलांनीं वहींत टिपून घेतलें. परंतु शाळेच्या फाटकापाशीं पेरू विकणाऱ्या गृहस्थांचीं बोटें वांकडीं आहेत, हें त्याच आठवड्यांत कोणाच्या तरी ध्यानांत आलें, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची टोपली भरलेलीच परत जाऊं लागली. माझें व्याख्यान वहींतच राहिलें होतें.

तेव्हां मीं त्या गृहस्थांनाच प्रार्थनेच्या वेळीं बोलाविलें. ते वीस वर्षांपूर्वींच बरे झालेले होते. उत्साहाच्या भरांत मी म्हणालों, "काका, मुलांना जरा हात दाखवा." त्यांनीं हात वर केले, क्षणभर उभे राहिले, आणि कांहीं न बोलतां खालीं उतरले. सायंकाळीं ते मला म्हणाले, "मास्तर, बोलावलंत मला, आणि बोलायला लावलंत माझ्या हातांना." मला उत्तर सुचलें नाहीं.

पुढें स्टॅन्ली स्टाइन यांची हकीकत माझ्या वाचनांत आली. अमेरिकेंतील टेक्सस प्रांताचे हे औषधविक्रेते १९३१ सालीं लुइझियानांतील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत दाखल झाले. कुटुंबास लोकनिंदा सोसावी लागूं नये म्हणून त्यांनीं हें नवें नांव धारण केलें. पुढें दृष्टि गेली, तरी 'द स्टार' या नियतकालिकांतून रुग्णांचें म्हणणें त्यांनीं जगापुढें मांडलें. रुग्णास रोगाच्या नांवानें ओळखूं नये, असा त्यांचा आग्रह असे. आमच्या लहानपणीं 'महारोगी' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, तें मला आठवलें. आपली कथा जगास सांगणाऱ्या या मनुष्यानें काय सांगावें व काय राखून ठेवावें हें स्वतः ठरविलें होतें. माझ्या पाहुण्यांस मीं तेवढीही मोकळीक दिली नव्हती.

पुढच्या वर्षीं मीं त्यांची क्षमा मागितली व आपणांस काय बोलावयाचें आहे असें विचारलें. छायाचित्र घ्यावयाचें नाहीं व गांवाचें नांव सांगावयाचें नाहीं, अशा दोन अटी त्यांनीं घातल्या. मग ते अर्धा तास बोलले. कोपराखालीं फिकट चट्टा आला. तो दुखेना, खाजेना. विडीचा चटका बसला तरी कळेना. लाजेनें दोन वर्षें गेलीं, तेवढ्यांत बोटें वांकलीं. औषधानें रोग गेला, बोटें मात्र तशींच राहिलीं. त्याच बोटांनीं पेरूचीं कलमें कशीं बांधलीं, हें सांगतांना त्यांचा चेहरा फुलला. मुलांनीं अधिक प्रश्न विचारले तेही कलमांविषयींच.

सभा संपल्यावर एक मुलगी मागें रेंगाळली. "सर, माझ्या आईच्या पाठीवर तसाच चट्टा आहे," ती हळूच म्हणाली. आई दवाखान्यांत गेली. सहा महिन्यांत उपचार पुरा झाला. तिचे हातपाय आज धड आहेत. हें मी तिच्या परवानगीनें लिहीत आहें. माझ्या व्याख्यानानें जें झालें नव्हतें, तें त्या अर्ध्या तासानें झालें.

कुष्ठरुग्णांस समाजापासून वेगळें ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला; घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग २०१९ सालीं वगळण्यांत आला. कायदे बदलले, परंतु लाज अजून गेलेली नाहीं. म्हणून मुलांनो, अंगावर बधिर चट्टा दिसला तर घरीं सांगा. बरा झालेला कोणी आपली हकीकत सांगूं लागला तर ती शेवटपर्यंत ऐका. त्याची इच्छा नसेल तर आग्रह करूं नका.

पेरूवाले काका अजून फाटकापाशीं बसतात. मधल्या सुटींतच त्यांची टोपली रिकामी होते. तेव्हां ज्यांस पेरू हवा असेल त्यांनीं लवकर जावें.