फूल पालथे करून पाहा

वाचकहो, आमची वाडी वसई तालुक्यातल्या गिरीजची. सारा जन्म फुलांत गेला. पहाटे उठून कळ्या खुडायच्या, टोपली भरायची आणि दादरच्या फुलबाजारासाठी गाडी गाठायची. अशा मला गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या नातीने निरुत्तर केले.

जास्वंदीचे फूल पुढे धरून ती म्हणाली, "आजोबा, याचे भाग सांगा."

"पाकळ्या, मधला दांडा आणि देठ. झाले!"

तिने फूल पालथे केले. "आणि ही हिरवी वाटी?"

ती वाटी मी आजवर देठातच धरीत होतो. माझी शाळा चौथीतच सुटली, त्याची लाज त्या दिवशी पुन्हा वाटली. मग नातच माझी गुरू झाली.

ती वाटी म्हणजे निदलपुंज. कोवळ्या कळीला सांभाळणारा अंगरखा. तिच्या आतला पाकळ्यांचा घेर तो दलपुंज. वनस्पतिशास्त्रज्ञ फुलाचे वर्णन बाहेरून आत करीत जातात. निदले किती, सुटी की जुळलेली, फुलाबरोबर गळणारी की फळाला धरून राहणारी, हे आधी लिहितात. मग पाकळ्या, पुंकेसर आणि शेवटी बीजकोश. एके काळी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यातही हीच रीत आहे.

जास्वंदीच्या वाटीखाली बारीक हिरव्या पात्यांचे आणखी एक कडे असते. भेंडी तिच्याच कुळातली, म्हणून तिलाही ते असते. हे ऐकून आमची मंडळी चुलीपासून म्हणाली, "भेंडीची वाटी एका बाजूने फाटते आणि पाकळ्यांबरोबरच गळते." नातीने पुस्तक उघडून पाहिले. बरोबर होते! सौभाग्यवतींना नाव ठाऊक नव्हते, पण नजर पक्की होती.

सोनचाफ्याला वेगळी हिरवी वाटी नसते. बाहेरची-आतली सारी दले सारखीच, म्हणून त्यांना परिदले म्हणतात. केळफुलाची लाल-जांभळी पाने तर पाकळ्याच नव्हेत. ते छद; खरी फुले त्यांच्या आड ओळीने बसलेली असतात.

आणि वांगे? त्याची वाटी गळत नाही, फळाबरोबर वाढते. तीच वांग्याची टोपी. फार वर्षांपूर्वी घाईघाईत मी वांगी ओढून तोडली होती. टोप्या फाटल्या, बाजारात पोचेपर्यंत तिथूनच माल नासू लागला आणि निम्मा भाव आला. दोष मी व्यापाऱ्याला दिला. चूक माझ्या हाताची होती, हे आज कळते. आता आम्ही कात्रीने देठासकट वांगी कापतो आणि टोपीची कडही निरखतो, कारण फळ पोखरणारी अळी पुष्कळदा तिथूनच आत शिरते.

नातीने वहीत भेंडीच्या चित्राखाली लिहिले, "आजीने पाहिलेले." ते वाचून माझी लाज गेली.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी मुलांना घेऊन वाडीत जा आणि एक फूल पालथे करा. नाव त्यांना सांगू द्या. तुम्ही काय पाहिले आहे, ते तुम्ही सांगा.